स्टार काउंटी ते पसेइक: २०२४ ला वळलेली मतं मुरली की वाहून गेली?

एडिसनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीच्या गव्हर्नर निवडणुकीचा (नोव्हेंबर २०२५) निकाल लागल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथे मांडतो. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

आमच्या गोदामात माझ्याबरोबर एक डॉमिनिकन गृहस्थ आहेत, पॅटरसनला राहतात, साठीला आलेले, आयुष्यभर डेमोक्रॅट. २०२४ च्या नोव्हेंबरात ते पहिल्यांदा ट्रम्पना मत देऊन आले आणि डबा खाताना मला हळूच सांगितलं, घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं तर काही बोलले नाहीत, फोन काढला आणि किराण्याच्या पावत्यांचे फोटो दाखवायला लागले. दोन-अडीच वर्षांच्या पावत्या, अंडी, दूध, तांदळाची पिशवी, नातवाचे डायपर, आणि प्रत्येक पावतीवर खालच्या बेरजेला पेनाने गोल केलेला. त्यावर वाद काय घालणार, आमच्या घरचे आकडेही तेच होते. जून २०२२ ला महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, चाळीस वर्षांत तेवढा कधी गेला नव्हता.

आता २०२५ च्या ४ नोव्हेंबरला त्याच माणसाने गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅट उमेदवार मिकी शेरिलना मत दिलं. या वेळी फोनवर विजेचं बिल होतं. २०२५ च्या जूनपासून आमच्याकडे विजेचे दर वीस टक्क्यांच्या आसपास वाढले होते आणि शेरिलबाईंचा सगळा प्रचारच त्या बिलाभोवती फिरत होता, पदावर आल्या आल्या आणीबाणी जाहीर करून दरवाढ थांबवते म्हणाल्या.

हे एकट्याचं असतं तर लिहिलं नसतं. पॅटरसन ज्या पसेइक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं ती २०२० ला बायडनना १६ टक्क्यांच्या फरकाने मिळाली होती, २०२४ ला ट्रम्पनी जिंकली, १९९२ नंतर पहिल्यांदा तिथे रिपब्लिकन आला, आणि वर्षभरात शेरिलनी ती चांगल्या फरकाने परत घेतली. राज्यात कमला हॅरिस जेमतेम ६ टक्क्यांनी जिंकल्या होत्या, शेरिल १४ च्या आसपास. समोर उमेदवार कोण, तर रिपब्लिकन जॅक चिटरेली, तेच जे २०२१ ला तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फींकडून फक्त ३ टक्क्यांनी हरले होते. म्हणजे उमेदवार तोच, राज्य तेच, मतदारही बरेचसे तेच.

२०२४ चा निकाल लागला तेव्हा टीव्हीवर दोन महिने एकच शब्द चालला होता, रीअलाइनमेंट. कामगार, लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाचे), तरुण मुलं कायमची रिपब्लिकनांकडे गेली, शिकलेले उपनगरवाले डेमोक्रॅटांकडे, आता पुढची तीस वर्षं हेच. आणि आता तेच चेहरे तितक्याच खात्रीने उलटं सांगतायत. मला दोन्ही पटत नाहीये. ट्रम्पना ३१२ विरुद्ध २२६ इलेक्टोरल मतं (राज्यागणिक मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी), सातही स्विंग म्हणजे कुठेही झुकू शकणारी राज्यं खिशात, हे मोठं दिसतं खरं, पण प्रत्यक्ष मतं बघितली तर ४९.८ विरुद्ध ४८.३. दीड टक्का. हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, रिपब्लिकन २२० विरुद्ध डेमोक्रॅट २१५.

माझं मत असं होत चाललंय की मत वळणं वेगळं आणि मुरणं वेगळं, आणि एका निकालात दोन्ही सारखंच दिसतं. मग मुरलंय हे ओळखायचं कशावरून? ज्यांना इथलं राजकारण जवळून माहितीये त्यांनी लिहा.

----

नाशिककर_८१

चांगला विषय. आम्हाला इथून बघताना सात पैकी सात राज्यं म्हणजे एकदम झाडून सगळं नेलं असंच वाटलं होतं, दीड टक्क्याचं लक्षात आलं नव्हतं. एक विचारतो, आपले बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून डेमोक्रॅट म्हणून पुन्हा निवडून आले ना त्याच दिवशी? आणि मिशिगन मात्र ट्रम्पकडे? म्हणजे लोकांनी वर एक आणि खाली एक असं मत दिलं का?

----

पुरालेख

नाशिककर, डेट्रॉइटचा भाग डेमोक्रॅटांचाच आहे त्यामुळे ठाणेदारांच्या जागेवरून फार कळणार नाही. पण तुम्ही विचारलेला प्रश्न मिशिगनच्या सिनेटच्या (वरच्या सभागृहाच्या) जागेला लावा. ट्रम्प जिंकले त्याच दिवशी त्याच मिशिगनने एलिसा स्लॉटकिन यांना सिनेटवर पाठवलं, डेमोक्रॅट. विस्कॉन्सिनने टॅमी बाल्डविन, ॲरिझोनाने रुबेन गायेगो, नेवाडाने जॅकी रोझेन. चार राज्यं, वर ट्रम्प आणि खाली डेमोक्रॅट. लाखो लोकांनी मतपत्रिकेवर उडी मारली असं नाही, बऱ्याच जणांनी वरचं एक नाव भरलं आणि बाकीचं कोरं सोडून घरी गेले. पण पक्ष बदललेला माणूस असं करत नाही. ज्याने पक्ष बदलला तो खालपर्यंत बदलतो.

एडिसनकर, तुमच्या "मुरणं" या शब्दाला धरून बोलतो कारण तो मला फार योग्य वाटला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यातला बराचसा अमेरिकेचा, आणि मुलांना नेहमी वेस्ट व्हर्जिनिया सांगायचो.

कोळशाच्या खाणींचं राज्य. खाण कामगारांची युनियन, घरात भिंतीवर रूझवेल्ट किंवा केनेडींची तसबीर. १९३२ पासून १९९६ पर्यंत तीनच वेळा रिपब्लिकन अध्यक्षाला मत दिलं, १९५६, १९७२ आणि १९८४, म्हणजे देशभर एकतर्फी वारं असतानाच. २००० ला बुश यांनी हे राज्य जिंकलं. पाच इलेक्टोरल मतं. सगळं जग फ्लोरिडाच्या फेरमोजणीकडे बघत बसलं, पण डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांनी नुसतं वेस्ट व्हर्जिनिया राखलं असतं तर ते अध्यक्ष झाले असते, फ्लोरिडाची गरजच नव्हती. तेव्हा सगळे म्हणाले अपघात आहे, बंदुकांच्या प्रश्नावर लोक रागावलेत, येतील परत.

परत आले नाहीत. पण बघा किती सावकाश गेले. राज्याची विधानसभा २०१४ पर्यंत डेमोक्रॅटांकडेच होती, ऐंशीहून जास्त वर्षांनी ती गेली. डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले जो मॅन्चिन सिनेटवर २०२४ च्या अखेरपर्यंत होते. म्हणजे अध्यक्षपदाचं मत २००० ला गेलं आणि शेवटचा मोठा डेमोक्रॅट जायला आणखी चोवीस वर्षं लागली. दरवेळी एक पायरी. वर पाऊस पडला की खाली विहिरीला पाणी यायला वेळ लागतो तसं.

जॉर्जियाचं तर आणखी लांब. १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जॉर्जियाने रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटरना मत दिलं, जे देशात ६ राज्यांपलीकडे जाऊ शकले नाहीत आणि डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. त्या रात्रीचा निकाल वाचणाऱ्याला वाटलं असेल की रिपब्लिकन पक्ष संपला. खरा बदल हरलेल्या गोल्डवॉटरना मिळालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत होता. आणि तरी जॉर्जियात रिपब्लिकन गव्हर्नर यायला २००२ साल उजाडलं, सनी पर्ड्यू, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर पहिले. अडतीस वर्षं.

उलट बाजूला मोठमोठे विजय बघा. १९७२ ला निक्सन ४९ राज्यं जिंकले, चार वर्षांनी कार्टर अध्यक्ष. २००४ नंतर बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह आणि मंडळी रिपब्लिकनांच्या कायमच्या बहुमताची स्वप्नं रंगवत होती, २००६ ला दोन्ही सभागृहं गेली. २००८ ला ओबामा इंडियाना जिंकले, इंडियाना!, ३६५ इलेक्टोरल मतं, पुढे सिनेटमध्ये ६० जागा झाल्या, आणि २०१० च्या जानेवारीत टेड केनेडींची मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउनने घेतली, नोव्हेंबरात हाउसमधल्या ६३ जागा गेल्या.

२००६ पासून २०२४ पर्यंत दहा निवडणुका झाल्या. त्यातली २०१२ सोडली तर नऊ वेळा व्हाइट हाउस, सिनेट किंवा हाउस यातलं काही ना काही एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलं. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांतली टिकाऊ गोष्ट कुठली असेल तर ही. लोकांना जो आत बसलाय तो नकोय.

----

नाशिककर_८१

पुरालेख सर, वेस्ट व्हर्जिनियाचं माहितीच नव्हतं. धन्यवाद. फ्लोरिडाच तेवढं डोक्यात होतं.

----

रिओकाठी

मी सहसा फक्त वाचते पण यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये कारण मी त्याच भागात राहते ज्याचं नाव धाग्यात आहे. मॅकॅलन, टेक्सास, रिओ ग्रांदे व्हॅली. आठ वर्षं झाली. एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे हातात असतात आणि माणसं व्यायाम करताना खूप बोलतात. मला स्पॅनिश इथेच आलं.

स्टार काउंटी आमच्यापासून पाऊण तासावर, रिओ ग्रांदे सिटी तिथलं मुख्य गाव, जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. २०१६ ला हिलरी क्लिंटनना ७९ टक्के. २०२० ला बायडनना ५२. २०२४ ला ट्रम्पना ५८ च्या जवळ, आणि बातम्यांत आलं की १८९२ नंतर पहिल्यांदा तिथे रिपब्लिकन जिंकला. व्हॅलीच्या चारही काउंट्या त्या रात्री ट्रम्पकडे गेल्या. बाहेरच्यांना धक्का बसला, मला तितका नाही बसला, आणि का ते सांगते.

इथली माणसं स्वतःला स्थलांतरित समजतच नाहीत. सहा-सात पिढ्या इथल्या. सीमेने आम्हाला ओलांडलं, आम्ही तिला नाही, असं इथे म्हणतात, हा भाग मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला त्या १८४८ च्या तहापासूनचं ते दुखणं आहे. चांगल्या पगाराच्या नोकऱ्या इथे दोन प्रकारच्या, एक तेलाच्या विहिरींवर आणि दुसरी बॉर्डर पेट्रोलमध्ये. माझ्या बरोबरच्या नर्सचा नवरा बॉर्डर पेट्रोलमध्ये आहे, तोही मेक्सिकन वंशाचाच, भाऊ तेलावर. डेमोक्रॅट नेते तेल बंद करू आणि बॉर्डर पेट्रोलवाले क्रूर आहेत असं बोलायचे तेव्हा तिच्या घरात ते अंगावर यायचं. त्यात कोविडमध्ये धंदे बंद, मग महागाई, मग २०२१ पासून रोज नदी ओलांडून येणारी माणसं. "आम्हाला कोण विचारतंय" हे वाक्य मी किती पेशंटांकडून ऐकलं त्याला मोजदाद नाही.

म्हणून मला २०२४ ला वाटलं होतं की हे मुरलंय. २०१६, २०२०, २०२४, ओळीने तीन वेळा एकाच दिशेला सरकलं, पसेइकसारखं एकदम नाही.

पण आता. आमच्या घरासमोर एक प्लॉट आहे तिथे वसंत ऋतूत घर बांधायला घेतलं होतं. स्लॅब घातला, लाकडी सांगाडा उभा केला, आणि मग इमिग्रेशनवाल्यांच्या धाडी बांधकामांवर सुरू झाल्या. कामगार यायचे थांबले. कागद असलेलेही थांबले, कारण उचलून नेल्यावर कागद दाखवायला कोण जाणार. तो सांगाडा अजून तसाच उभा आहे, पावसाने लाकूड काळं पडलंय, प्लास्टिकची गुंडाळी फाटून रात्री फडफडत राहते. ज्यांचं घर आहे त्या बाईंचा खांदा माझ्याकडे असतो. ट्रम्पना मत दिलं होतं. कर्जाचे हप्ते सुरू झालेत. मी काही विचारलं नाही, त्याच म्हणाल्या, "गुन्हेगारांना नेतील असं म्हणाले होते, माझ्या सुताराला नाही."

आणि तरी त्या डेमोक्रॅटांकडे परत जातील असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. कदाचित मतदानालाच जाणार नाहीत.

----

सजग

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. पण मला वाटतं आपण सगळे चुकीच्या जागी बघतोय.

मतदार कायमचा बदलला का हा एक प्रश्न झाला. निकालामुळे देश कायमचा बदलला का हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दीड टक्क्यावर अवलंबून नसतं. २०१६ घ्या. हिलरींना देशभरात जास्त मतं, ट्रम्प जिंकले ते मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांच्या आसपास मतांनी. याला कोणी जनादेश म्हणणार नाही, २०१८ ला हाउस गेलं, २०२० ला ते स्वतः हरले. पण मधल्या चार वर्षांत गोरसच, कॅव्हानॉ आणि बॅरेट असे तीन न्यायाधीश सुप्रीम कोर्टात बसले, कोर्ट रूढीवादी ६ विरुद्ध उदारमतवादी ३ झालं, आणि २४ जून २०२२ ला, बायडन अध्यक्ष असताना, गर्भपाताचा ४९ वर्षांचा हक्क गेला. ते न्यायाधीश आणखी वीस-पंचवीस वर्षं तिथे असतील. मत मुरलं नाही, निकाल मुरला.

व्यापाराचंही तेच. चीनच्या मालावरचे टॅरिफ (आयात कर) ट्रम्पनी लावले, बायडननी काढले का? नाही. उलट २०२४ ला इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के केले. खुल्या व्यापारावर दोन्ही पक्षांचं जे एकमत रेगनपासून ओबामांपर्यंत होतं ते २०१६ च्या एका निसटत्या निकालाने संपलं, आणि ते परत यायची चिन्हं नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट नाही की शिक्षक नाही, मला दोन मुली आहेत आणि आम्ही टेनेसीत राहतो. मोठी एकोणीस वर्षांची आहे. माझ्या बायकोला तिच्या वयात जो हक्क होता तो हिला नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की काळजी करू नका पुढच्या निवडणुकीत लंबक परत येईल, तर मला ते सहन होत नाही. लंबक आला तरी हे परत येत नाही.

----

कोथरूड_ते_डॅलस

सजग +१. आमच्यासारख्या मत नसलेल्यांनी काय करायचं यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

२०२५ च्या १९ सप्टेंबरला शुक्रवारी संध्याकाळी एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर १ लाख डॉलर फीची बातमी आली आणि ती शनिवार संपून रविवार सुरू होतानाच्या मध्यरात्रीपासून लागू होणार म्हणाले. माझा मावसभाऊ तेव्हा पुण्यात होता, वडिलांच्या पक्षासाठी गेला होता, मावशीने सगळी तयारी सर्वपित्रीला केली होती. त्याच्या कंपनीचा मेल आला की मुदतीच्या आत अमेरिकेत पोचा, नाहीतर आम्ही जबाबदार नाही. तो पान न वाढता निघाला. मुंबई विमानतळावर तिप्पट पैसे देऊन तिकीट काढलं, आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभा असताना खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. तोपर्यंत सामान गेलं होतं. मावशी एकटी बसली त्या पानासमोर.

आता कोणी म्हणेल पुढचा अध्यक्ष हे रद्द करेल. करेलही. पण माझ्या मित्रांमधले तीन जण गेल्या चार महिन्यांत कॅनडा आणि पुण्याचं बघायला लागलेत, एकाने घर विकायला काढलंय. ती माणसं एकदा गेली की २०२८ च्या निकालाने थोडीच परत येणार. त्यामुळे टिकाऊ की तात्पुरतं हे ज्याच्या त्याच्या आयुष्यात वेगळं असतं एवढंच मला कळतं.

----

एडिसनकर (धागाकर्ता)

कोथरूड, वाचून वाईट वाटलं. मावशींना नमस्कार सांगा.

सजग, तुमच्या प्रतिसादानंतर दोन दिवस काही लिहिलं नाही कारण विचार करत होतो. तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय, मी प्रश्न अर्धाच विचारला होता. मी माणूस कुठे गेला एवढंच बघत होतो, जो कायदा आणि जे कोर्ट मागे राहतं ते बघत नव्हतो. पण एक सांगतो, त्या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या सुट्या नाहीत. १९३२ चं उदाहरण घ्या, पुरालेख सर चूक असेल तर सुधारा. तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष हूवर हरले कारण कामगारांपैकी जवळपास चौथा हिस्सा बेकार होता, समोर कोणीही असता तरी जिंकला असता. ते मत निव्वळ रागाचं होतं, आमच्या पॅटरसनच्या काकांसारखं. ते मुरलं कशाने, तर १९३५ ला सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शनचा कायदा आला, युनियनला कायद्याचं संरक्षण मिळालं, म्हाताऱ्या बापाला दर महिन्याला चेक मिळायची सोय झाली. १९३६ ला मेन आणि व्हरमाँट सोडून सगळी राज्यं रूझवेल्टना. म्हणजे रागाचं मत आलं, मग त्या मताच्या बदल्यात घरात काहीतरी आलं, आणि मग ते मुरलं.

२०२४ च्या रागाच्या मताच्या बदल्यात पॅटरसनच्या घरात काय आलं? काकांना विचारलं मी हे, अगदी असंच विचारलं. म्हणाले टिपवरचा कर कमी केला म्हणतात, माझ्या मुलीला मिळतात टिप्स, बघू एप्रिलमध्ये. मग म्हणाले, पण कॉफी महाग झालीय. डॉमिनिकन माणसाला कॉफी महाग होणं म्हणजे काय ते आपल्याला चहावरून कळेल.

आणि मुरलेलं कसं दिसतं ते पण मी शोधलं. अटलांटाची उपनगरं, कॉब आणि ग्विनेट काउंटी. रेगनच्या काळापासून पक्की रिपब्लिकन. २०१६ ला हिलरी हरल्या पण या दोन्ही जिंकल्या. २०२० ला बायडन, आणि २०२४ ला, डेमोक्रॅटांचं सगळीकडे पडझडीचं वर्ष असताना, दोन्ही हॅरिसबरोबर राहिल्या. वाईट वर्षात टिकलं ते मुरलं असं मला वाटतं. रिपब्लिकनांचं वाईट वर्ष आता येतंय असं दिसतंय, तेव्हा स्टार काउंटी टिकते का बघायचं.

----

पुरालेख

१९३२ बरोबर सांगितलंत, फक्त एक पुस्ती जोडतो. व्ही. ओ. की नावाचे राज्यशास्त्रज्ञ होते, १९५५ साली त्यांनीच ही "निर्णायक निवडणूक" ची कल्पना मांडली, आणि त्यांनी न्यू इंग्लंडच्या गावागावांचे आकडे काढून दाखवलं की तिथल्या कारखान्यांच्या शहरांतली कॅथलिक मतं १९२८ लाच वळली होती. १९२८ ला डेमोक्रॅट उमेदवार अल स्मिथ (कॅथलिक) दणकून हरले, पण मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड जिंकले. म्हणजे बदलाची सुरुवात हरलेल्या निवडणुकीत होती, गोल्डवॉटरसारखीच. म्हणून मी निकालाच्या रात्री जिंकणाऱ्याचा नकाशा बघत नाही, हरणाऱ्याने कुठे अनपेक्षित मिळवलं ते बघतो.

लॅटिनो मतांबद्दल एक सावधगिरी. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासात ट्रम्पना २०२४ ला ४८ टक्के लॅटिनो मतं, २०२० ला ३६ होती, उडी मोठी आहे. पण २००४ ला बुश यांनाही चाळीसच्या पुढे मिळाली होती आणि तेव्हाही असाच गाजावाजा झाला. २०१२ ला रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी २७ वर आले. हा समाज गेली वीस वर्षं दोन्हीकडे जाऊन बघतोय. याला कोणाची तरी मालमत्ता समजणं हीच दोन्ही पक्षांची चूक. २०२५ च्या ९ डिसेंबरला मायामी शहराने महापौर म्हणून आयलीन हिगिन्सना निवडलं, जवळजवळ तीस वर्षांनी डेमोक्रॅट, आणि वर्षापूर्वी मायामी-डेड काउंटी ट्रम्पनी जिंकली होती, १९८८ नंतर पहिल्यांदा.

सजग, तुमच्या मुलींबद्दल वाचलं. माझं शिक्षकाचं बोलणं दूरचं वाटलं असेल तर माफ करा. तुमचं बरोबर आहे, अडतीस वर्षं हा आकडा मी सहज लिहिला, तेवढ्यात एक पूर्ण आयुष्य जातं.

----

सजग

माफी कसली सर. तुम्ही लिहीत राहा.

----

नाशिककर_८१

मग रिओकाठी ताई, स्टार काउंटीत पुढचं कधी कळणार? २०२६ च्या नोव्हेंबरात?

----

रिओकाठी

नाशिककर दादा, त्याच्या आधी कळेल, आणि हे बाहेर कोणी फारसं सांगत नाही म्हणून नीट लिहिते.

आधी वरचं. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२५ च्या उन्हाळ्यात मतदारसंघांचे नकाशे मध्येच बदलले, रिपब्लिकनांना पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून, आणि त्यातल्या दक्षिणेकडच्या जागा धरल्यात त्या २०२४ ला वळलेल्या आमच्या मतांच्या भरवशावर. म्हणजे नकाशा काढणाऱ्यांनी मत मुरलं असं गृहीत धरलंय. आणि आमच्या भागातले हाउसचे सदस्य हेन्री क्युलर, ज्यांच्या मतदारसंघात स्टार काउंटी आहे, २०२४ ला त्यांच्यावर लाचखोरीचा खटला चालू होता, मतदारसंघ ट्रम्पनी जिंकला, तरी क्युलर डेमोक्रॅट म्हणून निवडून आले. २०२५ च्या डिसेंबरात ट्रम्पनी त्यांना माफी दिली, सगळ्यांना वाटलं आता पक्ष बदलतील, त्यांनी अर्ज भरला तो डेमोक्रॅट म्हणूनच. हा माणूस तीस-चाळीस वर्षं इथलं राजकारण करतोय, त्याला व्हॅलीची नाडी माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळते.

आता खालचं. टेक्सासमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहीत नाहीत. मार्चमध्ये प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) असते तेव्हा केंद्रावर जाऊन सांगायचं, मला या पक्षाची मतपत्रिका द्या. एकच मिळते. आणि व्हॅलीत शेरीफ, काउंटी जज (काउंटीचा कारभार बघणारा), कमिशनर हे सगळे पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट प्रायमरीतच ठरत आलेत, नोव्हेंबरात समोर कोणी उभंच नसायचं. त्यामुळे नोव्हेंबरात ट्रम्पना मत देणारा माणूसही मार्चमध्ये डेमोक्रॅट मतपत्रिकाच मागतो, कारण त्याचा चुलतभाऊ, त्याच्या मुलीचा बास्केटबॉलचा कोच, जो कोणी उभा असेल तो तिथे असतो. रिपब्लिकन मतपत्रिका मागितली की ती संधी गेली. शिवाय टेबलावर बसलेल्या बाई ओळखीच्या असतात आणि मोठ्याने विचारतात, कुठली देऊ.

माझ्या नर्स मैत्रिणीने २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्पना मत दिलंय आणि प्रत्येक मार्चमध्ये डेमोक्रॅट मतपत्रिका घेतलीय. परवा तिला विचारलं या मार्चला काय. ती थांबली, आणि म्हणाली अजून ठरलं नाही, दीर कमिशनरला उभा राहतोय, पण नवरा म्हणतो आता पलीकडची घेऊ.

प्रायमरी २०२६ च्या ३ मार्चला आहे. मला मत नाही, ग्रीन कार्ड आहे, पण केंद्र आमच्या हॉस्पिटलच्या मागच्याच शाळेत असतं आणि मैत्रिणीने मला बरोबर चल म्हटलंय. तिने कुठली घेतली ते इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. पण त्या रात्री काउंटीच्या साइटवर दोन्ही मतपत्रिका किती गेल्या ते आकडे येतात, ते मी इथे टाकीन. २०२२ चे आणि २०२४ चे शेजारी ठेवून.